तांदळाच्या डब्यातली चोरी

"चारचं खाणं," म्हणत मी बाबांपुढे वाटी ठेवली. भाजलेले शेंगदाणे आणि दोन खजूर. डॉक्टरांनी पाकिटातलं, बेकरीतलं सगळं बंद केल्यापासून मधल्या वेळेला एवढंच मिळायचं. बाबांनी ते औषधासारखं निमूट खाल्लं आणि वाटी धुऊन ठेवली.

आईचा यावर विश्वास बसला नसता. जन्मभर तिने खाऊ लपवला आणि बाबांनी तो शोधून फस्त केला. विचारलं की म्हणायचे, "उंदीर असेल." आई गेली आणि त्यांनी चोरी सोडली. हसणंही सोडलं. रिपोर्ट उत्तम येत होते, पण मला त्यांची ही शिस्त बघवेना.

दुसऱ्या दिवशी तेच शेंगदाणे आणि खजूर मी एका डबीत भरले. आईच्या लाडक्या जागी, तांदळाच्या डब्यात, ती खोल पुरली. मग बाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आजपासून मधलं खाणं बंद."

चार वाजता स्वयंपाकघरात झाकण वाजलं. मी आत गेले, तर बाबा खिडकीबाहेर बघत उभे. हाताला कोपरापर्यंत तांदळाची पांढरी पूड, एक गाल फुगलेला.

"डबी कुणी रिकामी केली?"

"उंदीर असेल."

"मिशा पिकलेला?" आई विचारायची तसंच मी विचारलं.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, "उद्या जागा बदल गं. तुझ्या आईने मला इतक्या सहज कधी काही सापडू दिलं नाही."