वरचा ओठ

"एकदा कापलेली कातडी परत लावता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हवं तर अजून विचार करा."

"केलाय," विनिता म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या नाकाच्या बुडाशी जांभळ्या पेनाने नागमोडी रेघ काढली. तेवढी पट्टी कापायची, ओठ वर ओढून नाकाखाली शिवायचा. ओठ आखूड होतो, पुढचे दात किंचित दिसू लागतात. तिचा नवरा विशाल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. बारा वर्षं हा चेहरा त्याच्यासमोर होता. त्यात कापण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ओठ कसा हवाय?"

विनिताने मोबाइल पुढे केला. विशालने मान वाकडी करून पाहिलं. फोटो चारही बाजूंनी कापलेला होता. कुणा बाईचं नुसतं नाक, ओठ आणि हनुवटी.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"मिळाला फोटो," ती म्हणाली आणि मोबाइल पालथा ठेवला.

म्हापशाच्या दवाखान्यातून दोघं मुळगावला परतली. घरात शिरताना त्याला राहवलं नाही.

"कोणासाठी चाललंय हे?"

"माझ्यासाठी."

"अडतिसाव्या वर्षी?"

ती चप्पल काढून आत गेली.

विनिता साखळीच्या शाळेत शिकवायची. साधी बाई, पावडर लावायची ती लग्नकार्यापुरती. विशाल मूळचा सावंतवाडीकडचा. खाणीवरच्या ट्रकांचं काम बघायला गोव्यात आला आणि इथलाच झाला. गेले सहा महिने बायकोचं काहीतरी बिनसलंय हे त्याला दिसत होतं. दर रविवारी सकाळच्या बसने ती पेडण्याला आईकडे जायची आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परतायची. विचारलं तर "आई आहे तशीच," एवढंच.

सासूबाईंना आताशा काही आठवत नसे. "कोण आलं, कोण गेलं त्यांना कळत नाही. दर आठवड्याला कशाला धावतेस?" असं विशाल मागे एकदा बोलून गेला होता. त्यानंतर विनिताने त्याला कधी बरोबर चल म्हटलं नाही. तोही वर्षभर तिकडे फिरकला नव्हता. आता त्याला वाटू लागलं, ही आईकडेच जाते कशावरून?

ऑपरेशन झालं. हसायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही. आठवडाभर विशालने तिला पेज करून दिली, तिने ती लहान चमच्याने घेतली. टाके निघाले, सूज उतरू लागली, तसे आरशापुढचे तिचे फेरे वाढले. मोबाइलमधला फोटो आरशाशेजारी धरून ती ओठ किंचित विलग करायची, पुन्हा पुन्हा हसून बघायची. विशाल खोलीत आला की ते हसू मावळायचं.

एकदा परसात ती फोनवर हळू आवाजात बोलताना त्याने ऐकलं. "अजून आठच दिवस. तोवर धीर धर. मी येतेच."

आठ दिवसांनी, रविवारी, तिची बस सुटली आणि त्याने मोटरसायकल काढली. म्हापशाला तिने बस बदलली. तो अंतर राखून मागे राहिला. पेडण्याला उतरून ती एका बंद दुकानाच्या आडोशाला गेली. अंबाडा सोडून तिने लांब वेणी घातली. मग गळ्यातलं मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं.

तिथेच जाऊन तिचा हात धरावा असं विशालच्या मनात आलं. पण माणूस कोण, ते त्याला बघायचं होतं.

ती झपाझप चालत निघाली. बाजार मागे पडला, काजूंची बाग आली, आणि ती वळली ती आईच्याच घराच्या वाटेला. दारात क्षणभर थांबून तिने ओठांवरून बोट फिरवलं आणि आत गेली.

तो अंगणात शिरला तेवढ्यात शेवंती बाहेर आली. सासूबाईंना सांभाळणारी ही शेजारीण. तिने त्याला खिडकीच्या बाजूला ओढलं.

"आवाज करू नकात, जावईबापू."

"आत कोण आहे?"

"कोण असतलं? आई. सुविधा येऊ दे, मगे जेवतंय म्हणतत. विनिताच्या हातचं ताट ढकलून देतत. आता तर पाणीही घेत नाय. डॉक्टरांनी हात टेकले. मी फोन करून करून थकलंय, पण ती म्हणायची, धीर धर, सूज उतरू दे."

सुविधा. विनिताची धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी, तिचं लग्न व्हायच्या आधीच, तापाने गेली. विशालला तिचा चेहरा एकदम आठवला. विनिताचाच साचा, पाठीवर लांब वेणी. चेहऱ्यात फरक होता तो वरच्या ओठात. सुविधा गप्प बसली तरी तिचे पुढचे दात थोडे दिसायचे.

त्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

आत खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नुसती हाडं. विनिता पेजेची वाटी घेऊन शेजारी बसली.

"आई."

म्हातारीने मान वळवली. बराच वेळ ती बघत राहिली. मग हात उचलून तिने त्या ओठावर बोट टेकवलं.

"सुविधा? आयलंस गो?"

"आले, आई."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती आपण होऊन उठून बसली. शेवंतीने पदर तोंडाला लावला. विनिताने चमचा पुढे केला.

म्हातारीने तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि चमचा हाताने बाजूला सारला.

"विनिता खंय ऱ्हवली? तिका येऊ दे. ती आल्याशिवाय माका जेवण नको."