नखाएवढा चेहरा

वॉशिंग मशीन टींटीं करून थांबलं, तरी माझ्या लेकीची, मितूची दुपारची झोप मोडली नाही. मी पुन्हा टॅबवर वाकले.

मी रांगत होते तेव्हा माझी आई गेली. तिचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात, नखाएवढा चेहरा. वांगणीच्या नव्या घरात मला तो दोन फुटी फ्रेममध्ये हवा होता. कॅम्प दोनमधले प्रिंटवाले परसुभाई हसले होते. "बेटा, सेटिंगमध्ये तीनशे डीपीआय लिहिलं म्हणून फोटो साफ होतो काय? आत माल तर पाहिजे! एवढासा चेहरा ताणून नाकाच्या जागी चौकोन छापू?"

म्हणून टॅबवरच मोठा कॅनव्हास उघडून आई नव्यानं रंगवायला घेतली. पापण्या, ओठांची कड, हनुवटी. फोटोत जे दिसत नव्हतं ते आरशात बघून भरलं.

प्रिंट अशी आली की केस न् केस मोजावा. "अब आया ना माल!" परसुभाई खूश.

घरी मितूनं फ्रेमला नाकच लावलं. "आई, तू एवढं मोठं कुंकू कधी लावलंस?"

"अगं, ही तुझी आजी."

तिनं एकदा फ्रेमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ही तर तूच आहेस. मग आजी कशी दिसायची?"