सोळावा ट्रॅक

टेपवर सोळा ट्रॅक होते: ड्रम्सचे पाच, बासचा एक, गिटारचे सहा, गाण्याचे तीन. सोळावा कोरा आहे, असं डब्यातल्या १९७२च्या कागदावर लिहिलं होतं.

डेट्रॉइटमधल्या पोरांच्या तीन पिढ्या याच टेपवरच्या अल्बमवर गिटार शिकल्या. मीही शिकले. इतक्या जुन्या टेपवरचा लेप सुटतो, म्हणून आमच्या स्टुडिओत आम्ही ती आठ तास मंद आचेवर भाजतो आणि एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घेतो.

अल्बमचे गायक वॉल्ट नोवाकोव्स्की माझ्या शेजारी बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"कोरा ट्रॅक कसला ऐकतेस, पोरी? त्यात मी गात नाही म्हणून गोड लागतो होय?"

"जरा गप्प बसा, वॉल्ट."

कोऱ्या ट्रॅकवर कुणीतरी श्वास घेत होतं, मिनिटाला बावीस. प्रत्येक श्वासामागे नळीची बारीक शीळ होती.

मी वॉल्टच्या छातीकडे पाहिलं. ती नेमकी त्याच तालात वरखाली होत होती.

घाबरून मी यंत्र थांबवलं. त्यांची छाती वर आली आणि तशीच राहिली. ओठ निळे पडू लागले, तशी मी पुन्हा बटण दाबलं.

टेप फिरली. त्यांनी श्वास सोडला.

"का थांबवलंस गं? छान चाललं होतं की!"

रिळावर उरलेल्या टेपची जाडी मी पट्टीने मोजली. सहा मिनिटं चाळीस सेकंद.