दुसरा ग्लास

अंदमानच्या सहलीची तिकिटं दोघांची होती. राजमती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी तरी जा. आईले लई हौस होती नं त्या बोटीची."

म्हणून शिरपूरहून मी एकटाच आलो. सूर्यास्त पाहायच्या त्या बोटीत फक्त मी आणि नावाडी. त्यानं सवयीनं दोन ग्लास पाणी भरून ठेवलं.

आम्ही जैन. सूर्य बुडाल्यावर राजमती पाणीही घेत नसे. शेवटच्या संध्याकाळी मात्र तिनं मागितलं. मी म्हणालो, "दिवस बुडला आता. सकाळी देतो."

सकाळ तिनं पाहिली नाही.

सूर्य समुद्राला टेकला आणि तिथंच राहिला. पाच मिनिटं गेली, मग दहा. नावाड्यानं मोबाइलमधली वेळ दोनदा पाहिली. "साहब, अब तक तो डूब जाना चाहिए था."

मी दुसरा ग्लास समोरच्या रिकाम्या बाकावर ठेवला. "दिवस हाये अजून," मी म्हणालो. "पिऊन घे."

मग बाकाकडे पाहायची हिंमत झाली नाही. मी सूर्याकडेच पाहत बसलो. तो हलला नाही.

थोड्या वेळानं नावाडी पाण्याचा जग घेऊन जवळ आला.

"साहब, मॅडम और पानी माँग रही हैं. दे दूँ?"