ओली दाढ

बाळांनो, पंच्याहत्तर सालचं आसेगाव डोळ्यांपुढे आणा. ओट्यावर बसलेली गंगू बाभळीचा काटा दाढेत खुपसणार, इतक्यात आजोबांनी तिचा हात धरला. “काहून वं पोरी?” “दाढ ठणकून राह्यली, आबा. अकोल्याच्या डाक्टरनं काल कीड आतच कोंडली अन् वरून चांदी भरली. तिले बाहेर काढतो.” आजोबा हसले नाहीत. “कीड त्यानं खरवडून काढली, म्या पायलं. त्या खरवडण्यानंच दाढ दुखावली. आंगन सारवल्यावर लगेच चालते काय कोनी?” “नाई. ओलं असते, पाय उमटतात.” “मंग? दाढबी दोन-चार दिस ओली समज. इकडून चावू नको.” गंगूनं काटा फेकला. उकडलेल्या तुरीचे दाणे तिनं दुसऱ्या बाजूनं चावले. तेवढ्यात जीभ हळूच चांदीकडे वळली. गंगूनं डोळे वटारले अन् जिभेलाच दटावलं, “मांगं हट! सारवलेलं हाये, दिसत नाई काय तुले?”