चारच्या पुढे

नाव: केतकी श्रीपाद वैशंपायन.
वय: साडेचार.
पत्ता: अंबरनाथ पश्चिम.
ओळखीची खूण:

इथे श्रीपादने पेन थांबवलं. "हे कोरंच ठेवू. मे महिन्यानंतर राहणारच नाही."

बालवाडीच्या खोलीत खडूचा आणि डब्यातल्या पोह्यांचा वास होता. मालिनीच्या नाकात मात्र उल्हासनगरच्या नर्सिंग होममधला भुलीचा गोडसर वास बसला होता. केतकीची पाच ऑपरेशनं झाली होती. आधी फाटलेला ओठ, मग टाळू, मग पुन्हा टाळू. तिथपर्यंत ठीक, दूध नाकातून यायचं. पुढची दोन नुसती ओठावरची रेघ पुसायला.

दिघेबाई खुर्चीतून उठल्या, केतकीच्या डोक्याशी येऊन वाकल्या. "आकडे येतात ना? म्हण बघू मोठ्याने."

"एक," केतकीने सुरुवात केली.

"दोन."

"तीन."

केतकी चटईवर आडवी झाली. हात अंगालगत. तोंड उघडं.

"चार."

डोळे मिटले.

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "अगं, हे काय?"

"भुलीचे डॉक्टर मोजायला लावतात," मालिनी म्हणाली. "चारच्या पुढे ती कधी गेलीच नाही. घरीही तिथेच अडते. आणि बाई, आधी म्हणायची, 'आई, पाणी सांडलं.' आता नुसतं 'पाणी'. डॉक्टरांना विचारलं, सारखी सारखी भूल देऊन असं होतं का? म्हणाले, तुम्ही आया नको तो विचार करता."

"शिकेल हो," श्रीपाद म्हणाला. "मेमध्ये शेवटचं आहे."

"आता कसलं?" बाईंनी विचारलं. "मला तर काही दिसत नाही."

"लांबून नाही दिसत." तो लगबगीने खाली बसला. मुलीला उठवायला नाही. अंगठ्याने तिची हनुवटी खिडकीच्या उजेडात वळवली, दुसऱ्या हाताने ओठ ताणला. "हे बघा. इथे. फोटोत येतं."

केतकीने डोळे उघडले नाहीत. जे चाललं होतं ते चालू दिलं.

जळू उपटावी तसा मालिनीने तो अंगठा उपटला.

"मेमध्ये ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही जाऊन झोपा," ती म्हणाली.