बकुळीची ओ

"काकू, या मांजरीला गप्प करा, नाहीतर कुणालातरी देऊन टाका," सोसायटीचे सेक्रेटरी गुर्जर दारातच म्हणाले. "अख्खा मजला वैतागलाय."

सात वर्षांत बकुळीचा आवाज कुणी ऐकला नव्हता. भूक लागली तरी नुसतं तोंड उघडायची. परगावी कीर्तन सप्ताहाला जाताना मी तिला प्राण्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. बुवांचं आख्यान असं रंगलं, की मी मुक्काम आणखी तीन दिवस वाढवला. इकडे ती दोन भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये, पिंजऱ्यात. घरी आल्यापासून मी नुसती स्वयंपाकघरात गेले तरी ती टाहो फोडते.

"पुढच्या मीटिंगमध्ये नोटीस काढीन हं."

"खुशाल काढा. पण हाका मारणं गुन्हा असेल, तर पहिली नोटीस माझ्या नावाने काढा. रोज सकाळी मी देवाला हिच्याहून मोठ्यानं हाका मारते. त्यानं अजून मला गप्प बस म्हटलेलं नाही."

तेवढ्यात आतून बकुळी किंचाळली.

"आहे गं, इथंच आहे!" मीही तशीच ओरडले.

ती लगेच थांबली.

"ऐकलंत? तिला माझी ओ हवी असते. ती मी प्रत्येक वेळी देणार," मी गुर्जरांना म्हटलं. "आता दोघींचा आवाज सोसा."